पाखरीच्या कावळ्याचा रिकामा फुगा

प्रिय कुसुम,

मायन्यात हात सवयीने ‘चि. सौ.’ लिहून गेला. ‘चि.’ लगेच खोडला. ‘सौ.’ ठेवायला हरकत नव्हती, वसंतरावांच्या आधी गेलीस, तो तुझा हक्कच आहे. पण तो एकटा पाहवेना, म्हणून तोही खोडला. आता तू नुसती कुसुम. परकरात होतीस तशी.

आजच लिहायला बसलो त्याचं कारण अगदी कारकुनी आहे. उद्या दुपारी पुण्याहून मासिकाचा माणूस आपल्या पाखरीच्या चित्रकथेची पानं न्यायला येणार. तू अंथरुणात बसून रंगवलेली शेवटची पानं माझ्यापुढे पसरली आहेत. सगळे फुगे भरून झाले, एक राहिलाय. तो मला भरता येत नाही, आणि विचारायला तू नाहीस.

आपला कारभारच उलटा. बाकी जगात आधी गोष्ट लिहितात, मग तिला चित्रं काढतात. तू आधी चित्रं काढायचीस, माणसांच्या न् पाखरांच्या तोंडाशी पांढरे फुगे सोडायचीस, आणि मी रविवारी चिंचवडहून सायकल हाणत दापोडीला येऊन ते शब्दांनी भरायचे. “दादा, फुगा बघून लिही, समास मावायचा नाही,” हा तुझा दर वेळचा आहेर. नायिकेचं नाव मी ‘विहंगमा’ सुचवलं होतं, तेव्हा काय म्हणाली होतीस? “ओढ्यापलीकडून हाक मारून बघ.” मी खरोखर मारून पाहिली. अर्ध्यातच दम लागला. मग पाखरी ठरली.

कानामागे पीस खोचलं की वाटेल त्या पक्ष्याच्या डोळ्यांनी पाहणारी, मावळच्या राईत वाढलेली, शेंबडी पण निर्भय मुलगी! माझं संस्कृत आयुष्यभर जेवढ्या पोरांना पळवून लावत आलं, त्याहून जास्त पोरं तिने महिन्याभरात जमवली. मुलं मासिकाच्या पत्त्यावर पिसं पाठवू लागली. संपादक वैतागले, म्हणे त्यातली निम्मी कोंबडीची असतात.

आणि मग तू आजारी पडलीस. पिंपरीला औषधांचा एवढा मोठा कारखाना उभा राहिला, आणि तू नेमकं असं दुखणं निवडलंस ज्यावर तिथलं औषध चालत नाही. काळजाची झडप. आधीपासून हट्टी, त्याला कोण काय करणार?

दहाव्याला कावळा शिवला नाही. तुला ठाऊक असेलच म्हणा.

पवनेच्या काठी पिंड मांडले, सगळे मागे सरून बसलो. समोर बाभळीवर एक जाडजूड कावळा बसला होता. कोशात कावळ्याला बलिभुक् म्हटलंय, म्हणजे बळी खाणारा. या गृहस्थाचं शिक्षण तेवढं झालेलं नसावं. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, “कुसुम, तुझ्या तुळशीला मी पाणी घालीन गं.” कावळा हलला नाही. वसंतराव हात जोडून उभे राहिले. “मी पुन्हा संसार मांडणार नाही,” म्हणाले. कावळ्याने फांदीला चोच पुसली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “दादा, तुम्ही बोला. तुमचं ऐकायची ती.”

मी काय बोलणार? म्हटलं, “पाखरी बंद पडू देणार नाही.” कसं ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. मी काढलेल्या मोराला तू किटली म्हणाली होतीस.

कावळा उडाला. शेजारी दुसऱ्या एका घरचं दहावं चाललं होतं, तिथे जाऊन निवांत जेवला. गुरुजींनी थोडं थांबून दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि म्हणाले, “झालं, उठा.” सगळे उठले. वसंतराव उठले नाहीत. त्यांना दोघांनी धरून उठवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच भात घेऊन तिथे गेलो. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार नाही. काठावर उभा राहून मी, या वयात, धोतर सावरत, काव काव करून हाका मारल्या. पलीकडे माझ्याच वर्गातली दोन कार्टी म्हशी धूत होती. शाळेत माझं नवं नाव काय पडलंय याची मी चौकशी केलेली नाही. कावळा आला नाही, कुसुम. काय राहिलं होतं तुझं? आम्हाला कुणालाच कसं कळलं नाही?

वसंतरावांना वाटतं, त्यांना कळलंय. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली तेव्हा त्यांनी तुझी रंगांची पेटी उचलून फळीवर ठेवली होती ना? दोन दिवसांनी तुझं तोंड पाहून परत काढून दिली. ते धरून बसलेत ते. “राग घेऊन गेली ती माझ्यावर. म्हणून शिवला नाही.” खरंच रागावली होतीस का गं? का नेहमीसारखी नुसती गप्प बसली होतीस? तुझं गप्प बसणं म्हणजे राग नसतो हे मला ठाऊक आहे, पण त्यांना कुणी सांगितलं होतं?

परवा तुझी शेजारीण पार्वतीबाई मला शोधत शाळेच्या फाटकाशी आली. मूळची चाकणकडची बाई, दापोडीहून इतकं चालून आली होती. “मास्तर, त्ये जेवत न्हाईत. मी रोज डबा देते, रोज तसाच माघारी येतो. मानूस वर्कशापात जातो, लोखंडाशी झटतो, अन् पोटात चा बिगर काय न्हाई. काल यंत्रावर भवळ आली म्हनं. हात थोडक्यात वाचला. तुमी शिकलेले, जरा समजवा की.”

म्हणून गेलो समजवायला. आत्म्याच्या अमरत्वावर बराच वेळ बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दादा, मग आत्म्याला जेवायला का बोलावतात?” वर्गात असं विचारणाऱ्याला मी बाकावर उभं करतो.

डोळे खोल गेलेत त्यांचे. सदरा खांद्यावरून घसरतो. असंच चाललं तर एक दिवस यंत्र हात सोडणार नाही, नाहीतर ते स्वतःच काही करून बसतील. मला भीती वाटते, कुसुम. तुला धरून ठेवता आलं नाही मला, आता यांनाही येणार नाही असं वाटतं.

निघताना म्हणाले, “ती शेवटची पानं आहेत का जवळ?” ज्या माणसाने आयुष्यात पाखरीचं एक पान उलटलं नाही, जो मासिक खाटेच्या डगमगत्या पायाखाली सारायचा, त्याने हात धुऊन पुसले आणि एकेक पान बघितलं. शेवटच्या पानावर थांबले.

तूच काढलंयस, तरी सांगतो. पारध्यांनी सगळी पाखरं जाळ्यात घालून नेलीत. पाखरीने अन्न सोडलंय. दगडावर गुडघे पोटाशी घेऊन, तोंड फिरवून बसलीय. पुढे वाढलेली पत्रावळ तशीच. आणि पत्रावळीच्या कडेला कुठूनसा सुटून आलेला एक कावळा, चोच उघडून तिच्याकडे बघतोय. त्याच्या चोचीशी फुगा. एवढासा, की माझ्यासारख्याला त्यात श्वाससुद्धा घेता यायचा नाही.

“कावळा आलाय,” वसंतराव म्हणाले. मग फुग्यावर बोट ठेवून, “काय म्हणतोय तो?”

“तिने सांगितलं नाही.”

“तुम्ही लिहाल ते ती म्हणाली असं मी धरेन. ‘क्षमा केली’ तेवढं लिहू नका. मला पटायचं नाही.”

आता सांग, मी काय करू? सकाळपासून कोऱ्या कागदावर एकेक शब्द लिहून बघतोय. ‘जा’ लिहिलं आणि दापोडीच्या पुलाखालची नदी डोळ्यांपुढे आली. ‘ये’ लिहिलं, तो कागद तर फाडूनच टाकला. ‘ऊठ’ म्हटलं तर उठून जायचं कुठे? इतकी वर्षं शब्द शिकवले, आणि माणसाच्या हातात विश्वासाने ठेवावा असा एक सापडत नाही. तू तरी एकदा पेन्सिलीने बारीक लिहून ठेवायचं होतंस. दर वेळी काय ते ‘तूच ठरव दादा’?

मगाशी पेन ठेवून मी नुसता तुमचं घर आठवत बसलो. ते कामावरून यायचे, तेलकट हात, तोंडातून शब्द नाही. तू चित्रातून मान वर करायची नाहीस. प्रेमाचं, रागाचं, क्षमेचं तुम्ही दोघं कधी काही बोललात असं मी ऐकलेलं नाही. भांडण झालं तरी तू संध्याकाळी एकच शब्द बोलायचीस, ब्रश तोंडात धरून. मला हसू यायचं, की एवढा मोठा संसार या एका शब्दावर चाललाय.

तो मी लिहिला. मावला.

‘जेवा.’

संपादक नक्की पत्र पाठवणार, की कावळा पाखरीला अहोजाहो कसं करतो, छपाईची चूक दिसते. पोरं हसतील. हसू देत. त्यातलं एक अक्षर बदललं तरी हे पान मी देणार नाही.

तुझं नाव घेऊन बोलतोय, याचा अधिकार मला आहे की नाही, ठाऊक नाही. त्यांना पटेल की नाही, तेही नाही. न पटलं तर पुढे काय, याचा विचार माझ्याच्याने होत नाही.

आता पान घेऊन दापोडीला निघतो. पार्वतीबाईंना निरोप धाडलाय, आज डबा नको, दोन ताटं वाढा. वसंतरावांनी पहिला घास घेतल्याशिवाय मी माझ्या ताटाला हात लावणार नाही. आज नाही, उद्या नाही, कितीही दिवस लागोत. मला भूक किती आवरते ते तू जाणतेस, तेव्हा या वचनाची किंमत तुझ्याइतकी कुणाला कळायची नाही. कावळ्याला दिलेलं नाही हे. तुला दिलंय.

तुझा,
दादा