पानदानावरचं नाव

अश्विन,

वरण झाकून ठेवलं आहे, भात तूच लाव. मी आसगावले तुह्या आजीकडे जाऊन राहिली.

तुहं परत आलेलं पार्सल उघडून पाहिलं. आपलं पितळेचं पानदान उचललं की मनगट वाकत होतं. हा डब्बा तं फुंकला तं उडन. ऑनलाइन लिलावात बोली लावून घ्यायचं, मग बिजागरी तुटली म्हणून पैसे परत मागायचे अन् भलताच डब्बा पाठवायचा! किळस आली मले त्या घेणाऱ्या माणसाची.

पण तुही जास्त आली. लिलावाच्या साइटवाले आता विचारून राहिले, तुमच्या वस्तूची खूण काय, फोटो दाखवा. खूण होती ना! माह्या लग्नात तुह्या आजीनं झाकणावर माहं नाव टाकून देल्लं होतं. नाव असलं की बोली चढत नाही म्हणून तूच ते घासून आणलं. पॅक करताना व्हिडिओही काढला नाही. विक म्हटलं होतं मी, पुसून टाक नाही.

तू विकायले काढलेला पाण्याचा पितळी गुंड मी सोबत नेला. त्यावर आजीचं नाव आहे.

तुही आई,
रत्नमाला

हे वरचं नाव तरी घासू नको.