नदीपलीकडची दुसरी जागा

मी, कॉर्विन एलर, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी वैमानिकाचा, आता काही नाही, राहणार हॉलिस लँडिंग, राज्य इंडियाना, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे आणि माझ्या देहाचे काय करावे ते या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. मला कोणी दमात घेतलेले नाही की गोड बोलून भुलवलेले नाही. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रागाच्या भरात लिहिलेली होती, ती रद्द समजावीत.

माझ्या वकीलबाई इमोजीन फेल्प्स म्हणाल्या, "कॉर्विन, कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा. बाकीचं कोर्टाला नको असतं." कोर्टाला नको असेल. माझ्या मुलीला हवे आहे.

१. राहते घर, त्याखालची जमीन आणि नदीकाठापर्यंतचे गवत हे सर्व माझी एकुलती एक मुलगी मेरिडिथ हिला मिळावे. ती दूर पश्चिम किनाऱ्यावर, टकोमाला असते, इथे येऊन राहणार नाही. तिने खुशाल विकावे. हे घर मी हौसेने घेतलेले नाही. का घेतले ते तिला अर्धवट ठाऊक आहे, म्हणून सांगतो.

माझा जन्म समोरच्या तीरावरचा, केंटकी राज्यातला. ओहायो नदीच्या त्या अंगाला शुगरलिकची टेकडी आहे, तिथे आमची तंबाखूची शेती. मी विमाने उडवायला गेलो. थोरला भाऊ रॉयस शेतावर राहिला. वडिलांचे दुखणे त्याने काढले. लग्न झाल्यावर मी आणि ओपलने त्याच टेकडीच्या उतारावर घर बांधले. विमानतळ आमच्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात. दक्षिणेकडून उतरताना माझ्या खिडकीतून आधी नदी दिसे, मग तंबाखू वाळवायच्या कोठाराचे छप्पर, मग ओपलने दोरीवर घातलेले कपडे. पिवळी चादर दिसली की समजायचे, आज जेवायला घेवडा आणि मक्याचा कॉर्नब्रेड. तसे आमचे ठरलेले होते.

काउंटीच्या हद्दीत जो काम करील त्याच्या पगारातून काउंटी व्यवसाय कर कापून घेते. शिक्षक, गवंडी, खाटीक, कोणी सुटत नाही. वैमानिकांकडूनही तो घ्यावा का, यावर वाद उठला. काउंटीच्या सभेत आम्हां वैमानिकांच्या वतीने बोलायला मी उभा राहिलो. समोर टेबलामागे निवडून आलेले कमिशनर बसले होते आणि त्यांतला एक रॉयस होता.

मी म्हणालो, "माझं कामाचं ठिकाण जमिनीपासून सहा मैल वर आहे. तिथे तुमचा रस्ता येत नाही, तुमचा पोलीस येत नाही. चाकं उचलली की दहा मिनिटांत मी दुसऱ्याच राज्यावर असतो. मग तुम्ही कर कशावर घेता, ढगांवर?"

सभेत हशा पिकला. रॉयसने तो ओसरू दिला.

"आणि चाकं खाली टाकायची वेळ आली की?" तो म्हणाला. "तेव्हा कुणाच्या जमिनीवर टाकता, कॅप्टन?"

आता दुप्पट हशा. तेवढ्यावर थांबला असता तर मी संध्याकाळी त्याच्याकडेच जेवायला गेलो असतो. पण तो पुढे झुकून, माइक बाजूला सारून, फक्त मला ऐकू जाईल असे बोलला, "इतकी वर्षं आमच्या डोक्यावरून उडतोयस. आता डोक्यावर बसू नकोस."

हे बोलणे कराचे नव्हते. वडिलांना अंघोळ घालताना, पावसाआधी पाने आत घेताना, एकट्याने पाट्या उचलताना त्याने जे पोटात ठेवले होते ते त्या दिवशी ओठांवर आले. आज हे मला समजते. त्या दिवशी फक्त कानशिले तापली.

कर मंजूर झाला. देशाचा कायदा असा की वैमानिकाच्या पगारावर त्याच्या राहत्या राज्याचा हक्क. विमान नुसते तिथून उडते म्हणून दुसऱ्या राज्याने हात घालू नये, निम्म्याहून जास्त कमाई तिथली असेल तर गोष्ट वेगळी. माझी तशी नव्हती. म्हणजे नदी ओलांडली की मी सुटलो. मी शेतातला माझा हिस्सा रॉयसला विकला आणि त्याच वसंतात हे घर घेतले.

ओपल पेट्या भरताना म्हणाली, "पगाराच्या शंभर डॉलरांतला एकसुद्धा नाही, आणि त्यासाठी नदी ओलांडायची?"

"पैशांसाठी नाही."

"ते मला माहीत आहे, म्हणून तर विचारते."

ती इथे राहिली, पण नांदली नाही. पलीकडच्या चर्चमध्ये तिच्या गाण्याच्या जागी दुसरी बाई उभी राहिली. इथल्या चिकणमातीत तिचे घेवडे कधी धरले नाहीत. तिने स्वयंपाकघरातली खुर्ची फिरवून टेकडीकडे तोंड करून ठेवली. मेरिडिथ, ती खुर्ची विकू नकोस.

२. बँकेतली शिल्लक आणि विमान कंपनीकडून येणे असेल ते मेरिडिथचे. माझी टोपी, गणवेश आणि चामडी बॅग यांचे तिला वाटेल ते करावे. वडिलांचा तंबाखू कापायचा कोयता मी निघताना न विचारता आणला होता. तो रॉयसची बायको व्हर्ना हिच्या हाती द्यावा.

३. अ‍ॅल्युमिनियमची होडी, वल्ह्यांसह, शेजारच्या बेकर कुटुंबाला. बुडाला उजवीकडे झिरपते. डांबर लावून भागत नाही, मी लावून पाहिले आहे.

४. क्लाइव्ह प्रुइट हा माझ्याबरोबर विमाने उडवणारा. माझ्या बाजूने बोलायला म्हणून आला आणि रॉयसच्या उत्तराला सर्वांत मोठ्याने हसला. पुढे आयुष्यभर मुकाट्याने कर भरून टेकडीवर सुखाने राहिला. त्याला माझी मोडकी छत्री द्यावी.

५. त्या काउंटीला माझ्या इस्टेटीतून एक सेंटही जाऊ नये. कराच्या पैशांतून नदीकाठच्या लोकांसाठी अग्निशामक केंद्र झाले, ते चांगले आहे, दुर्बिणीतून मला दिसते. तरीही मुद्द्यात मीच बरोबर होतो.

६. माझा देह. या कलमावर इमोजीनबाईंनी तीनदा पेन्सिलीने रेघ ओढली, म्हणून नीट लिहितो.

ओपल आजारी पडली तेव्हा रॉयस आणि मी बोलत नव्हतो, पण ती आणि व्हर्ना रोज फोनवर असत. ती गेली आणि कळले की तिने आधीच रॉयसला फोनवर विचारून ठेवले होते. आमच्या घराण्याची दफनाची जागा टेकडीवर, सीडरच्या झाडाखाली, रॉयसच्या जमिनीत होती. आम्ही तिला फेरीबोटीतून पलीकडे नेले. माती लोटून झाल्यावर रॉयस माझ्याजवळ आला.

"तिने दोन जागा मागितल्या होत्या," तो म्हणाला. "एकीला मी हो म्हटलं. दुसरीचं ज्याचं त्याने येऊन विचारावं."

मी टोपी घातली आणि बोटीकडे चालू लागलो.

त्याला सहा वर्षे झाली. तिच्याकडे जायचे तर रॉयसच्या अंगणातून जावे लागते, म्हणून मी गेलो नाही. सकाळी धुके उठले की तिच्या खुर्चीत बसून दुर्बीण लावतो. सीडर दिसतो, तिच्या थडग्याचा दगड दिसत नाही. ज्या माणसाने तिची पिवळी चादर आभाळातून ओळखली, त्याला नदीच्या रुंदीएवढ्या अंतरावरून तिचा दगड दिसू नये. पानगळीत वाटते, आता दिसेल. पण सीडरची पाने गळत नाहीत.

हे कलम लिहायला घेतले तेव्हा इमोजीनबाईंनी विचारले, "जमीन कुणाची? मालकाला विचारलंय का?" विचारलेले नव्हते. गेल्या गुरुवारी फेरीबोटीने पलीकडे गेलो.

रॉयस ओट्यावर घेवडा सोलत बसला होता. डोळे फार अधू झाले आहेत त्याचे.

"कोण ते? मतं मागायला आला असाल तर मी आता कुणालाच देत नाही."

"रॉयस, मी कॉर्विन."

त्याने पातेले खाली ठेवले. आतून व्हर्ना म्हणाली, "उभा का आहेस? बस की! का विमान सुटतंय?"

बसलो. त्याने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मी त्याच्या डोळ्यांची. मग बोलून टाकले, "ओपलच्या शेजारची जागा मला हवी आहे."

त्याने एक शेंग चाचपली. "फार उशीर केलास."

"तूच म्हणालास, ज्याचं त्याने विचारावं."

"अरे, मला वाटलं त्याच संध्याकाळी विचारशील. मी व्हर्नाला कॉफी ठेवायला सांगितली होती. म्हटलं, बोटीपर्यंत जाईल आणि परत येईल. तिने दोनदा गरम केली."

 तोच पुढे म्हणाला, "त्या जागेत आलास की कायमचा आमच्या काउंटीचा रहिवासी होशील. चालेल?"

"मेलेल्यांना कर नसतो."

"मी कमिशनर असतो तर बसवला असता."

मग त्याने माझा दंड धरला आणि मी त्याला वाट सांगत टेकडीवर नेले. वाट त्याच्या पायांना ठाऊक होती, तरी त्याने सांगू दिली. झाडापाशी पोहोचल्यावर तो म्हणाला, "मी खाली थांबतो," आणि एकटाच उतरून गेला. ओपलशी मी काय बोललो ते या कागदात येत नाही.

तरी माझा देह त्या जागी, तिच्या डाव्या हाताला ठेवावा. नेताना पुलावरून गाडीने नेऊ नये, फेरीबोटीने न्यावा.

७. व्यवस्था पाहण्याचा अधिकार मेरिडिथला. मनाजोगते झाले नाही तरी कोणी कोर्टात जाऊ नये. भांडून घर सोडता येते, एवढेच मी कराच्या भांडणातून शिकलो.

८. माझा भाऊ रॉयस याला मी काहीही देत नाही. हे वाचून कोणी पुन्हा चर्चा करू नये. ज्याला मृत्युपत्रातून मिळते त्याने त्यावर साक्ष घालू नये, असे इमोजीनबाई म्हणतात, आणि मला माझ्या नावाखाली त्याचे नाव हवे आहे.

वरील सर्व मी वाचून पाहिले, माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे.

सही: कॉर्विन एलर
हॉलिस लँडिंग, इंडियाना
२४ ऑक्टोबर २०१९

साक्षीदार पहिला: टोबायस रिंक, फेरीबोटीचा चालक, राहणार हॉलिस लँडिंग. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा: सही माझ्यासमोर झाली. मला दिसली नाही, पण पेनाचा आवाज ऐकला, आणि सही करताना तो लहानपणासारखाच जीभ चावत असणार. लिहिणारा पूर्ण शुद्धीवर आहे. कराच्या मुद्द्यात चुकीचा आहे. रॉयस एलर, राहणार शुगरलिक, केंटकी. भाऊ.