पाचगावच्या बागेतला पहिला बहर

मी, विठाबाई गणपतराव मगदूम, वय वर्षे ६२, निवृत्त परिचारिका, राहणार पाचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर, माझ्यामागे काय व्हावं ते आज माझ्याच हातानं लिहून ठेवत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. कुणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात दुसरं माणूसच नाही. हृदयाची झडप निकामी होत चालली आहे. डॉक्टर फार गोड बोलू लागले की काय समजायचं, ते पंचवीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईला समजतं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. माझं लग्न १९६५ साली कोडोलीच्या हंबीरराव कापसे यांच्याशी झालं. अपत्य एकच, मुलगी अनुजा, जन्म १९६९. मुलगा हवा म्हणून १९७२ साली त्यांनी चिमणाबाईंना दुसरी करून घरात आणलं. अनुजाला कडेवर घेऊन मी निघाले, तर सासूबाईंनी दारातच पोर ओढून घेतली. म्हणाल्या, "पोरगी आमची हाय. तुला जायचं तर जा." मी गेले. रागानं गेले. आठ दिवसांत येऊन लेकीला घेऊन जाऊ, असं मनात धरून गेले. वडिलांनी माहेरी पेठ वडगावला ठेवून घेतलं, नर्सिंगला घातलं; नाव तेव्हापासून माहेरचंच लावते. फारकत मी मागितली नाही, त्यांनी दिली नाही. मी कोर्टात जायला हवं होतं. गेले नाही. हा दोष माझा आहे, तो दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही.

२. घर व बाग. नोकरीत नेसरीपासून गगनबावड्यापर्यंत सात बदल्या झाल्या. प्रत्येक क्वार्टरपुढे डालड्याच्या डब्यात मोगरा लावला आणि प्रत्येक वेळी मागे सोडून आले. निवृत्तीनंतर पाचगावला दोन गुंठे घेऊन दोन खोल्या बांधल्या. जागा मुरमाड. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर नागसेन धोंडीराम शिंगे यांनी पहार घेऊन माझ्याबरोबर खड्डे काढले. गेल्या आषाढात सहा मोगरे, एक अनंत, मधुमालती, कलमी सोनचाफा, जास्वंद आणि गुलाब लागले. (गुलाब पिवळा म्हणून घेतला, निघाला गुलाबी. रोपवाटिकेच्या पिराजींना याबद्दल मी माफ केलेलं नाही.)

यंदा फाल्गुनात मोगऱ्यानं कळ्या धरल्या आणि चैत्र लागताच सगळीकडे एकदम बहर आला. सकाळी परडी भरे. एवढी फुलं द्यायची कुणाला, हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा पडला. शिंगे यांच्या घरी दिली, दवाखान्यात नेऊन दिली, तरी उरायची. उरलेली मी पाण्यात घालून ठेवायचे आणि समोर बसून राहायचे.

३. दिनांक ७ एप्रिल रोजी जे घडलं ते लिहिणं भाग आहे, कारण पुढची कलमं त्यावरच आहेत. हंबीरराव पौषात वारले. मला कुणी कळवलं नव्हतं. त्या दिवशी एक बाई फाटकाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, कुणाची तरी सून इंजेक्शनसाठी आली.

"विठाबाई मगदूम हितंच ऱ्हात्यात?"

"मीच. या की."

"मी कोडोलीची अनुजा. वारसनोंदीला तुमची सही पायजे हुती, बाई."

चौतीस वर्षांची माझी मुलगी. हनुवटी थेट माझ्या वडिलांची. मी चहा ठेवला आणि ती दाखवेल तिथं सह्या केल्या. कागद वाचले नाहीत. कोडोलीच्या जमिनीत मला काही नको, हे इथंही नमूद करते.

कपबशी खाली ठेवून ती बागेकडं बघत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला न्यायला कधी का आला न्हाईसा?"

"आलतो की. तीनदा."

पहिल्या दोन वेळा दिरांनी वेशीवरून परत लावलं. तिसऱ्यांदा, १९७६ साली, मी थेट घरापर्यंत पोचले होते. सोप्यात बसून चिमणाबाई अनुजाची वेणी घालत होती. लाल रिबिनी होत्या. केसांत गुंता आला की ती आधी मुळाशी केस धरायची, मग फणी ओढायची, म्हणजे पोरीला दुखू नये. पोर हसत होती. मी हाक मारली नाही. परतीची एसटी धरली.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती उठली आणि म्हणाली, "चार कळ्या नेऊ का? आईला मोगरा लई आवडतो."

मी आत जाऊन टॉवेल ओला करून आणला. सहाही झाडांच्या कळ्या तोडल्या, त्यात बांधल्या आणि तिच्या हातात दिल्या.

४. माझी बोरमाळ चिमणाबाई हंबीरराव कापसे यांना द्यावी. एकतीस वर्षं मी त्यांचा दुस्वास केला. नवरा नेल्याचं मला कधीच फारसं वाटलं नाही, मुलगी नेल्याचं वाटलं. पण मुलीचे केस त्यांनी जपून विंचरले. बोरमाळ त्याबद्दल नाही, त्याची भरपाई सोन्यानं होत नाही. ती माझ्याकडून आहे, एवढंच त्यांना सांगावं.

५. पहार, फावडं, खुरपं, झारी व कात्री नागसेन शिंगे यांना. कात्रीला धार लावून घ्यावी, हे त्यांना मी तीन वेळा सांगितलं आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

६. पोस्टातली बचत अनुजाची मुलगी मनाली हिच्या शिक्षणासाठी. तिला मी पाहिलेलं नाही. ती दहावीला आहे आणि चष्मा लावते, एवढं समजलं.

७. पाचगावचं घर बागेसह अनुजाला. राहावं, भाड्यानं द्यावं किंवा विकावं. विकायचं ठरलं तर चैत्र संपेपर्यंत थांबावं, अशी विनंती आहे, अट नाही. तिच्यावर अट घालावी असं मी तिच्यासाठी काही केलेलं नाही. त्या दिवशी निघताना ती "येतो" म्हणाली. आपल्याकडं निघताना "जातो" कुणीच म्हणत नाही, हे मला कळतं. तरी तेव्हापासून मी फाटकाला कडी लावलेली नाही. शिंगे रागावतात. म्हणतात, "आक्का, गुरं शिरून सगळी बाग खातील की." अजून शिरलेली नाहीत.

८. शेवटची सूचना. मी गेल्यावर कोडोलीला फोन करू नये. शिंगे यांनी स्वतः जावं आणि अनुजाला अंगणात बाजूला घेऊन सांगावं. सांगताना "तुमची आई वारली" असे शब्द वापरू नयेत. तिला वाटेल चिमणाबाईच गेल्या, आणि ती घाबरेल. "पाचगावच्या बाई गेल्या" असं म्हणावं. तिला कळेल.

वरील मजकूर मी पुन्हा एकदा वाचला. खाडाखोड नाही. दोघा साक्षीदारांसमोर सही करत आहे; त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

(सही) विठाबाई गणपतराव मगदूम

साक्षीदार :
१. (सही) डॉ. आदर्श माणगावे, पाचगाव
२. (सही) पिराजी गुंडू चौगुले, रोपवाटिका, पाचगाव

स्थळ : पाचगाव, कोल्हापूर
दिनांक : १९ एप्रिल २००३