तापलेल्या लोखंडावरची सोनेरी अक्षरं

अहो,

काल, रविवारी, सकाळी ठीक अकरा वाजता तुमचा अपमान झाला. तोही तुमच्याच पहिल्या स्मृतिदिनाला, तुमच्याच माजी कामगार मंडळाकडून! भट्टीच्या आवाजानं तुमचे कान गेल्यापासून मी तुमच्याशी पाटीवर लिहूनच बोलत आले. म्हणून हेही लिहूनच सांगते.

तुम्ही जाण्याआधी मंडळानं तुमची मुलाखत घेतली होती, आठवतं? ती काल पडद्यावर दाखवली. सभागृहात सगळे फाउंड्रीवाले, म्हणजे निम्मे ठार बहिरे. त्यांच्यासाठी खाली तुमच्या बोलण्याची अक्षरं दिली होती. कसली? सोनेरी! आणि मागं काय? भट्टीतून ओतलं जाणारं लालपिवळं लोखंड! त्यावर एकेक शब्द उडी मारून यायचा आणि नजर टेकेपर्यंत गायब. शी! अक्षरं होती की पिसवा?

मुरगूडहून तुमचे भट्टीवरचे जोडीदार दत्तोबा भावजी आले होते, तेही ठार बहिरेच. लोखंडाचा रस सांडला तेव्हा त्यांनीच तुम्हाला मागं ओढलं. आणि तुम्ही? जन्मभर त्यांना ‘तुझ्यामुळं वाचलो’ एवढंही म्हणाला नाहीत. किती टोकलं मी तुम्हाला! शेवटी म्हणालात ते कॅमेऱ्यासमोर, डोळे पुसत. तेव्हा भावजी माझ्याकडे वळून अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं विचारतात, “वैनी, रडतोय का त्यो? काय म्हनतोय?”

मी कागदावर लिहून देऊ शकले असते. नाही दिलं. ते त्यांना तुमच्या चेहऱ्याकडे बघतच वाचायला मिळायला हवं होतं.

मंडळाच्या सचिवांना तिथंच गाठलं.

“वैनी, आजकाल असंच चालतंय की! शब्द नाचला की लोक बघत्यात.”

“इथं नाचायला कोण आलंय? निम्म्यांचे गुडघे बदललेत!”

“बरं, फुडच्या वर्षी बघू की.”

पुढच्या वर्षी! भावजींची ऐंशी कधीच उलटली, दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरलाय. कुणाच्या भरवशावर पुढचं वर्ष?

बहिऱ्यांसाठी अक्षरं कशी द्यायची याचे नियम आहेत हो, जगभर मानलेले. काळी पट्टी, त्यावर पांढरी ठळक अक्षरं, फार तर दोन ओळी, वाचून होईपर्यंत जागेवर. आमच्या शाळेतल्या सिस्टर फळ्यावर लिहून बाजूला उभ्या राहायच्या, मुलींचं वाचून होईपर्यंत. एवढी साधी रीत यांना कळू नये?

तुमचं ते वाक्य भावजी स्वतःच्या डोळ्यांनी वाचतील, हा माझा तुम्हाला शब्द. आज सकाळीच मंडळाला पत्र देऊन पोच घेतली: फिल्म दुरुस्त करून मुरगूडला भावजींच्या घरी कोणत्या दिवशी दाखवणार, ते येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत कळवावे. लेखी. सहीशिक्क्यासह.

तुमचीच,
सुनंदा