कामगार नसलेला कारखाना

४ जानेवारी, सकाळी
सरकारने पुन्हा नवा कामगार कायदा काढला. मागच्या कायद्याची शाई वाळते न वाळते तोच हा. सरकारातील मंडळींना दुसरा उद्योग नसावा. आता म्हणे प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र, आठवड्याला पगारी सुट्टी, जादा वेळेचा दुप्पट मोबदला आणि संडासाच्या दाराला आतून कडी. आम्ही आयुष्यभर पत्र्याच्या ट्रंका बनवल्या. एकही ट्रंक कडीवाचून बाहेर गेली नाही. संडासाला कडी लावावी असे मात्र कधी वाटले नाही, कारण ते दार पायाने धरता येते.
मी चौथी पास आहे. परंतु त्या काळची चौथी. कायदा स्वतः वाचणार. सल्लागार नको.

६ जानेवारी
वाचनास प्रारंभ. पहिले पान संपले. भाषा अशुद्ध आहे. दोन ठिकाणी दुरुस्ती केली.

९ जानेवारी
मिस्त्री हा कारखान्यातील सर्वांत जुना माणूस. रिव्हेट मारतो. त्याने विचारले, मालक, आमची पत्रं कधी देताय? मी म्हणालो, रोज समोर दिसणाऱ्या माणसाला पत्र कशासाठी धाडायचे? रंगकाम करणारी बाई ब्रश न थांबवता म्हणाली, कडी मागायची तर आम्ही पोस्टाने मागू का? सगळे हसले. मीही हसलो असतो. परंतु मालकाने कामाच्या वेळेत हसू नये.

१५ जानेवारी
पत्नीचे म्हणणे, अहो, कोपऱ्यावरच्या त्या सल्लागाराकडे जा की एकदा, पोरगा हुशार आहे. ज्याला अजून मिशी नीट फुटलेली नाही, तो मला कायदा शिकवणार! जाणार नाही.

१६ जानेवारी
गेलो. केवळ पत्नीच्या समाधानासाठी. तो म्हणाला, आजोबा, पळवाट शोधू नका, लिहिलंय ते करून टाका, इन्स्पेक्टर कधीही येईल. ‘आजोबा’ हा शब्द त्याने विनाकारण वापरला. मला अजून सत्तरही पुरी झालेली नाहीत.

१७ जानेवारी, पहाटे
पळवाट सापडली! कायदा कामगारांना लागू आहे. कामगारच नसले तर? सर्वांना पार्टनर करावे. पार्टनरला सुट्टी नाही, ओव्हरटाइम नाही, कडीही नाही. इतकी साधी गोष्ट एकाही कारखानदाराला सुचू नये याचे नवल वाटते. बहुधा त्यांचे शिक्षण अधिक झाले असावे.

२० जानेवारी
करारपत्राचा मसुदा स्वहस्ते लिहिला. ‘सर्व भागीदार सर्व बाबतींत समान राहतील.’ वाक्याला वजन हवे होते. पत्नीने वाचले आणि म्हणाली, अहो, हे जरा फार होतंय. तिला भाषेचा डौल कळत नाही. सायंकाळी सर्वांच्या सह्या झाल्या. मिस्त्रीने दोनदा वाचले आणि मग फार घाईने सही केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. हसू दाबतानाही तसे येते. परंतु ही कृतज्ञताच असावी.

२३ जानेवारी
इन्स्पेक्टर आला. कामगार किती, असे विचारले. मी ताठ उभा राहून सांगितले, एकही नाही. त्याने करारपत्र वाचले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा वाचले. मग माझा हात बराच वेळ हातात धरून म्हणाला, काका, सांभाळून राहा. सरकार हरले.

२७ जानेवारी
सकाळी माझ्या खुर्चीत रंगवाली बसली होती. म्हणाली, या पार्टनर, बसा की, स्टूल रिकामंच आहे. बसलो. स्टुलावरून कारखाना अधिक चांगला दिसतो.

३० जानेवारी
पार्टनरांची पहिली मीटिंग. माणशी एक मत. सहाला काम बंद: मंजूर. पगारी सुट्टी: मंजूर. जादा वेळेला दुप्पट: मंजूर. कडी: टाळ्यांच्या गजरात मंजूर. चारही ठरावांना विरोध फक्त माझा. विरोधी पक्षाचा मान मोठा असतो, असे मिस्त्री म्हणाला. लगेच त्याने पाचवा ठराव मांडला: सर्व पार्टनर समान, सबब मीही पत्रा कापावा. मंजूर.

३ फेब्रुवारी
सल्लागाराच्या दारावरून सहज जात होतो. आत गेलो. या पार्टनरांना काढता येईल का, असे विचारले. तो म्हणाला, आजोबा, कामगार असते तर नोटीस देऊन, कारण सांगून काढता आले असते. पार्टनरला निवृत्त करायचं तर सगळ्यांचं एकमत लागतं, त्याचं स्वतःचंही. मी विचारले, मग मलाही कोणी काढू शकणार नाही ना? तो म्हणाला, तुमचा हात वर गेल्याशिवाय नाही. निर्धास्त झालो. माझा हात वर नेण्याची कोणाची छाती आहे?

७ फेब्रुवारी, दुपारी
पत्र्याची धार लागून अंगठा कापला. चूक पत्र्याची. रंगवालीने पट्टी बांधली आणि बजावले, हात डोक्याच्या वर धरा, खाली आणलात तर रक्त थांबायचं नाही. तेवढ्यात मीटिंग सुरू झाली. मिस्त्री म्हणाला, नवा कायदा आपल्याला लागू नाही, पण आहे चांगला, आपण मनानेच पाळू. साठीपुढच्या माणसाला पत्र्याच्या कामावर ठेवू नये, असं त्यात लिहिलंय. मालकांनी लई वर्षं खपून हे उभं केलं, आता त्यांना निवृत्त करून, हारतुरे देऊन घरी पोचवू या. मान्य असेल त्यांनी हात वर करा.
मी तत्काळ हात खाली घेतला. रंगवाली ओरडली, अहो वर, वर धरा, रक्त येतंय!
धरला.
ठराव एकमताने मंजूर.