राग गोळीचा म्हणे

३ नोव्हें., सोम.
मणक्याचं ऑपरेशन होऊन घरी आले. कळ गेली, पण डावं पाऊल अजून बधिर. नस सुजलीय म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या. सकाळी खाऊनच घ्यायच्या, हळूहळू कमी करायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत. स्टेरॉइड म्हटल्यावर प्र.चा चेहरा उतरला. नवराच तो, घाबरणारच. मला डावा पाय पाहिजे बस. क्लच दाबता आला नाही तर ड्रायव्हिंग स्कूल काय डोंबल चालवणार.

६ नोव्हें., गुरु.
झोप नाही. भूक मात्र राक्षसासारखी. तांदळाच्या भाकऱ्या हाणल्या, वर सुकटीची चटणी.

९ नोव्हें., रवि.
भावजी आले, प्र.चे धाकटे भाऊ. कळंबोलीचा त्यांचा एक मित्र माझं स्कूल घ्यायला तयार आहे. गाडी, नाव, सगळं. "वहिनी, आता आराम करा. पाठ आहे, खेळ नाही." प्र. मान हलवत बसलेला. मी म्हटलं, स्कूल माझं आहे, माझ्या नावावर आहे, एवढी विकायची हौस असेल तर तुमची बाइक विका. जोरात बोलले. खालच्या मजल्यावर गेलं असेल. जाऊ दे.
भावजी जाताना प्र.ला हळूच, "स्टेरॉइडचं आहे हे सगळं." मला ऐकू आलं.

१२ नोव्हें., बुध.
फॉलोअप. प्र.ने डॉक्टरांना विचारलं काय, तर हिचा राग कधी उतरेल. ते म्हणाले, या गोळ्यांनी चिडचिड होते, डोस उतरला की कमी होईल. प्र. खूश. पायाचं कुणी विचारलंच नाही, मीच विचारलं. "नस आहे, आत्ताच सांगता येणार नाही." शुगर वाढलीय. गोड बंद.

१७ नोव्हें., सोम.
घरात मी काही बोलले की गोळी बोलते. आमटीत मीठ कमी आहे, गोळी. टीव्हीचा आवाज कमी करा, गोळी.
उरणहून सासूबाई आल्यात. आल्या आल्या, "काय गो, तोंड कवरा फुगलाय तुजा." म्हटलं, फुगू दे, पाय हलू दे. हसल्या. माझ्या बोलण्यावर हसणाऱ्या त्या एकट्याच.

२० नोव्हें., गुरु.
भीती वाटते. लिहूनच टाकते. भावजींना जे बोलले, ते मीच बोलले का? लग्न झाल्यापासून या घरात "चालेल" सोडून दुसरं काही म्हटल्याचं आठवत नाही. डोस उतरतोय, सगळे वाट बघतायत. संपल्यावर परत चालेल-चालेल सुरू झालं तर

२४ नोव्हें., सोम.
वॉकर घेऊन खाली पार्किंगमध्ये. शिकवणाऱ्याच्या सीटवर बसले, म्हणजे माझ्या. गाडी बंदच. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच असतो, तो दाबला. गेला. हळूहळू सोडायला गेले तर पाऊल थरथरलं आणि सटकलं. हाफ क्लच जमत नाही. शेजारी शिकाऊ बाई असती आणि गाडी चढावर असती तर? रडले थोडी. वॉचमनने विचारलं, "मॅडम, बाहेर जायचंय?" म्हटलं, जायचंय, आज नाही.

२९ नोव्हें., शनि.
शेवटची गोळी. प्र. लगेच गॅलरीत फोनवर, "हो, संपली. उद्या ये."

३० नोव्हें., रवि.
भावजी मित्राला घेऊनच आले. अंगात त्राण नाही, आणि राग शोधून सापडेना. मित्र बिचारा सभ्य. चहा झाला. भावजी हसत म्हणाले, "मग वहिनी, आता शांतपणे बोलू."
शांतपणेच म्हटलं, स्कूल विकायचं नाही. आवाज इतका बारीक की मित्राने परत विचारलं. परत सांगितलं.
प्र. मग म्हणाला, "आज गोळी घेतली नाहीस ना?"
नाही, म्हटलं.
भावजींनी चहाचा रिकामा कप परत तोंडाला लावला.
पाऊल अजून नीट नाही. हाफ क्लच येईल की नाही, देव जाणे. स्कूल मात्र माझं.