पूर्वेच्या टेकडीचा वारस

सोमवार, १५ एप्रिल.
टर्कीच्या शिकारीचा सीझन सुरू. पहाटेपासून टेकडीवर. बरोबर सासरे, ऑर्व्हिलमामा.

परिस्थिती अशी. ऑर्व्हिलमामा उन्हाळ्यात घर बंद करून गावात राहायला जाणार. पूर्वेच्या टेकडीवर शिकार करायची परवानगी दोघांपैकी एकाच जावयाला देणार. एक मी, दुसरा माझा साडू रॉयस. जाण्याआधी त्यांना शेवटचा एक नर टर्की मारायचाय. रॉयस आठवडाभर लाकडाच्या गिरणीत अडकलेला, त्यामुळे म्हाताऱ्याला शिकारीला नेऊन बसवायचं काम माझ्याकडे. म्हणजे टेकडी माझीच झाली म्हणायची.

मामांना आता ऐकू येत नाही. कानातलं मशीन शिट्टी मारतं, पाखरं बुजतात, म्हणून मशीन घरीच ठेवतात. ठरलंय असं, की नर ओरडला की मी त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारायची.

संकल्प: (१) नराला बोलवायला मादीचा आवाज काढणारी लाकडी डबी कमी घासायची. (२) म्हाताऱ्याशी प्रेमाने वागायचं.

नर दोनदा ओरडला. टिचकी मारली नाही. लांब होता. उगाच त्यांच्या हृदयावर ताण कशाला?

बुधवार, १७ एप्रिल.
उजाडताच ओरडला. काय आवाज! छातीवरची केसाळ दाढी गुडघ्यापर्यंत लोंबत असणार. असला पक्षी थरथरत्या हातांच्या माणसाला दाखवणं म्हणजे पक्ष्याचा अपमान. मामा चुकणार, नर शहाणा होणार, सीझन सगळ्यांचाच वाया. त्यापेक्षा मी मारतो आणि त्यांना एक तंगडी देतो.

मामांनी विचारलं, ओरडला का? मी मान हलवली. नाही.

नर साठेक पावलांवर येऊन थांबला, पिसारा मिटला आणि निघून गेला. मी डबी जरा जास्त घासली असं कुणी म्हणेल. चूक नराला भुलवायला समोर ठेवलेल्या प्लास्टिकच्या मादीची आहे. तिचा चेहराच खडूस आहे. नवीन आणायची.

सोमवार, २२ एप्रिल.
डबी अजिबात घासायची नाही असं ठरवून गेलो. नऊ वाजेपर्यंत मनगट सुजलं.

संध्याकाळी बायको वैतागली, नोरीन. बाबा जेवताना म्हणाले म्हणे, की टेकडीवर पाखरंच उरली नाहीत. बोलताना डोळ्यांत पाणी होतं. "बाबांसाठी एक तरी शोध ना," म्हणाली. मी म्हटलं, पाखरं काय मी घरी बनवतो? भावनेच्या भरात शिकार होत नाही, हे बायकांना कळत नाही. तिच्या आईने तिला कधी बंदूक धरू दिली नाही, त्याचा हा परिणाम.

शनिवार, २७ एप्रिल.
उत्तम प्लॅन सुचला. मामांना खालच्या गवताच्या शेतात, पडक्या कुंपणाशी बसवलं. तिथे टर्की मी तरी कधी पाहिली नाही. त्यांना लिहून दाखवलं, की इथून नर नक्की जातात, हलू नका. त्यांनी मला थँक्यू म्हटलं. माणूस मनाने साधा.

मी टेकडीवर मोकळा. नर तीन वेळा ओरडला, दिसला एकदाही नाही. मग धो-धो पाऊस. ट्रकमध्ये बसून सँडविच खाल्लं. एक वाजता शिकारीची वेळ संपली तेव्हा मामा आठवले. होते तिथेच, चिंब. ओठ निळे. मी हीटर लावला. (त्यात किती पेट्रोल जातं याचा विचार कुणी करत नाही.)

नोरीन रात्री पाठ करून झोपली. तिला थंडी वाजत असावी.

बुधवार, १ मे.
मामांना थोडा ताप होता, तरी आले. पुन्हा तेच शेत त्यांनी स्वतःच मागितलं. मी कशाला अडवू?

नराने आज माझ्या प्रत्येक हाकेला उत्तर दिलं. मी घासली, तो ओरडला. मी घासली, तो ओरडला. आमच्यात असं नातं आजवर जमलं नव्हतं. मग तो एकदम गप्प. मी आणखी जोरात घासली. अर्ध्या तासाने खालून एक बार.

खरं लिहितो, कारण हे कुणी वाचणार नाही. पहिला विचार आला, देवा, नेम चुकलेला असू दे.

चुकला नव्हता. नर गुपचूप शेतात उतरला, मामांच्या पुढ्यात. इतका मोठा पक्षी मी जन्मात पाहिला नाही. मामा त्याच्या पिसांवर हात ठेवून बसले होते.

घरी येताना लक्षात आलं, की हे माझंच यश. वरून मीच हाकलला. सीझन यशस्वी. टेकडी माझी.

शुक्रवार, ३ मे.
मामांकडे जेवण. तळलेली टर्की, लोण्यात परतलेली जंगली अळंबी, रॉयस. नर मी कसा खाली हाकलला ते सगळ्यांना सांगितलं, हातवाऱ्यांसकट. मामांनी आज मशीन घातलं होतं. मला पूर्ण बोलू दिलं.

मग म्हणाले, "वेंडल, मी बहिरा आहे, आंधळा नाही. नर ओरडला की तुझी मान तिकडे वळते. पहिल्या दिवशी दोनदा वळली. मग माझ्याकडे बघून गप्प बसलास. मी रोज वाट बघत होतो, आज तरी सांगशील."

कुणी खात नव्हतं. मी अळंबी पुढे सरकवली.

"वर तू इतकी डबी घासतोस, की अक्कल असलेला कुठलाही नर खालीच येणार. म्हणून मी ते शेत मागितलं. हाकललास हे मात्र खरं."

रॉयस एवढा हसला, की त्याला ठसका लागला. नोरीन हसली. मी नोरीनकडेच बघत होतो, म्हणून दिसलं.

"टेकडी उद्यापासून रॉयसची," मामा म्हणाले. "पण जावईबापू, कान तुझे झकास आहेत. हा गिरणीत काम करून निम्मा बहिरा झालाय. तुला यायचं तर याच्याबरोबर ये. नुसतं ऐकायला. बंदूक घरी."

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

रविवार, ५ मे.
सीझनचा शेवटचा दिवस. जाणार नाही असं रात्री ठरवलं होतं. पहाटे रॉयसने दारात हॉर्न वाजवला. नोरीनने थर्मॉस एकच भरला होता, त्याच्यासाठी.

टेकडीवर त्याच्या शेजारी बसलो. रिकामे हात कुठे ठेवायचे कळेना. लाज वाटली. पण तिथे जायचा दुसरा रस्ता आता नाही.

सव्वासहाला एक ओरडला, ओढ्याच्या बाजूला. मी लगेच सांगितलं. रॉयसने डबी एकदाच घासली आणि खाली ठेवली.

उतरताना त्याने टिपलेला पक्षी मी खांद्यावरून वाहून आणला. रॉयसची पाठ दुखते.